जर्सीच्या पाठीवरचं भोक

वडील फौजेतून मेजर म्हणून निवृत्त झाले आणि आम्ही छावणीजवळ घर घेतलं. त्यांना शौर्यपदक होतं. पायात गोळी असताना दिवसभर चौकी लढवली, एकाही जवानाचा धीर खचू दिला नाही, असं सोबतच्या कागदावर लिहिलेलं. घरी मात्र लढाईबद्दल चकार शब्द नाही. शाळेनं पंधरा ऑगस्टला भाषणाला बोलावलं, तर हे गृहस्थ पायमोजे कोरडे ठेवण्यावर दहा मिनिटं बोलले! मैत्रिणींसमोर माझी मान खाली. आठवडाभर मी त्यांच्याशी धड बोलले नाही.

दहावीत होते तेव्हा एका दुपारी करमाडहून एक म्हातारी आली. तिचा एकुलता एक मुलगा वडिलांच्याच कंपनीत होता, त्याच लढाईत गेला होता. बसा म्हटलं तरी बसेना. पिशवीतून तिनं हिरवी जर्सी काढली, घडी मोडली आणि पाठीची बाजू वडिलांसमोर धरली. मधोमध रुपयाएवढं भोक होतं.

लढाईत गेलेल्या जवानाचं सामान धुऊन, घड्या घालून घरी पाठवतात. रक्त निघून जातं, भोक तेवढं राहतं.

“छातीवर आसतं तर गावाला दावलं आसतं,” ती म्हणाली. “सोळा वर्सं ट्रंकंत दडवून ठिवली. आता खरं सांगा सायेब. माझं लेकरू पळत व्हतं का?”

वडील इतक्या घाईनं उठले की त्यांची काठी पडली.

“नाही हो, आई! मला गोळी लागली होती, मी उघड्यावर पडलो होतो. वरून तोफगोळे येत होते. तो खंदकातून धावत आला आणि माझ्यावर पालथा पडला. तुकडा त्याच्या पाठीत घुसला. मी खाली होतो.”

“मंग इतकी वर्सं सांगितलं का नाय?”

“पत्रात नुसतं वीरमरण लिहिलं. दोनदा निघालोही होतो. जालन्याच्या गाडीत बसलो आणि दोन्ही वेळा करमाडच्या आधीच, चिकलठाण्याला उतरलो. तुमच्यासमोर जिवंत उभं राहायची हिंमत झाली नाही.”

हे त्यांनी मान खाली घालून सांगितलं. मला त्या क्षणी वडिलांची जेवढी माया आली, तेवढी कधीच आली नव्हती.

म्हातारी जर्सीवरून हात फिरवत राहिली. मग तिनं माझ्याकडं पाहिलं.

“ही लढाईच्या आदुगरची का मागून झालेली?”

“नंतरची,” वडील म्हणाले.

तिनं मला जवळ ओढलं, तोंडावरून हात फिरवला आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

“मंग ही माझीच नात हाय की,” ती म्हणाली, आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून पोटभर रडली.