रिबकाबाईची पाट

पनवेलच्या खाडीकाठी मिठागरावर मिठाच्या पाट्या वाहणाऱ्या बाया तेव्हा पुष्कळ होत्या, पण सोनाबाईसारखी हट्टी दुसरी नव्हती. उसने आणलेले तांदूळ ती शीग लावून परत करायची आणि कुणी फुकट काही देऊ केलं की तिच्या कपाळाला आठ्या पडायच्या. नवरा लवकर गेला. एकुलती लेक मालू बाळंतपणात गेली, पोटातलं लेकरूही गेलं. तेव्हा शेजारणींनी भाकरी-कालवण आणून दिलं, तर या बाईनं त्यांची भांडी धुऊन, प्रत्येकात मूठमूठ मीठ घालून परत पाठवली. आता अशा बाईला काही द्यायचं म्हणजे देणाऱ्याचीच परीक्षा की नाही!

ती परीक्षा फक्त रिबकाबाई पास व्हायची. रिबकाबाई गावातल्या तेलघाण्याची मालकीण. बेने इस्राएल लोक ते, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून सगळे त्यांना शनवार तेली म्हणत. दोघींची ओळख शेळीवरून झाली. रिबकाबाईची शेळी सोनाबाईनं अर्धेलीनं सांभाळायला घेतली होती. चारापाणी सोनाबाईचं, शेळी रिबकाबाईची, आणि पहिली पाट, म्हणजे पहिलं मादी करडू, मालकिणीचं. पुढचं सांभाळणारीचं. या हिशेबात दोघी म्हाताऱ्या व्हायला लागल्या, आणि मालू गेल्यावर सोनाबाईच्या ओट्यावर रोज येऊन गप्प बसून जाणारी तेवढी रिबकाबाईच होती.

स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी रिबकाबाईच्या घरानं इस्रायलला जायचं ठरवलं. घाणा विकला, शेळी विकली. राहिली कुत्री. तिचं नाव तिळी, कारण पांढऱ्या अंगावर काळे ठिपके होते, तीळ सांडल्यासारखे. ती पिल्लू असताना पेंडीच्या बैलगाडीचं चाक तिच्या कंबरेवरून गेलं होतं, तेव्हापासून ती मागच्या पायानं लंगडायची. रिबकाबाई तिला दोरीनं घेऊन सोनाबाईच्या अंगणात आली. सोनाबाईनं नेहमीसारखं तोंड फिरवलं, म्हणाली की मला फुकटचं काही नको.

"फुकट कोण देतंय तुला? अर्धेलीनं ठेव. पहिली पाट माझी. न्यायला येईन मी," रिबकाबाई म्हणाली, आणि डोळ्यांना पदर लावून वळली.

थट्टाच होती ती. कुत्री कुणी अर्धेलीनं देतं का? सोनाबाईला एकटं वाटू नये आणि तिचा ताठाही मोडू नये, म्हणून रिबकाबाईनं काढलेली ती पळवाट. पण सोनाबाईनं तो शब्द पदराला गाठ मारून ठेवला. तिच्या मनात तिचा सरळ हिशेब होता. तिळीला पिल्लं झाली पाहिजेत, त्यातली पहिली मादी राखून ठेवली पाहिजे, मग रिबकाबाईला ती न्यायला यावंच लागेल. आपला वाटा सोडून कोण राहतं? समुद्रापलीकडचा देश केवढा लांब आहे, हे तिला कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी तिनं ऐकलं नसतं.

तिळी माजावर आली तेव्हा मिठागराचा राखणदार महादेव स्वतःहून म्हणाला की माझा तांबडा कुत्रा घेऊन येतो, असली पिल्लं होतील की राशींकडे चोर फिरकायचा नाही. वस्तीतल्या चौघांनी पिल्लं आधीच सांगून ठेवली. सोनाबाई खूश होती. तरी तिनं जाताजाता भामा सुइणीला तिळी दाखवली. भामानं कंबरेवर, शेपटीच्या मुळाशी बोटं फिरवली आणि सांगितलं की हाड वाकडं जुळलंय, वाट अरुंद आहे. सुटली तर सुखरूप सुटेल, नाहीतर अडकेल.

हेच, असंच, याच आवाजात भामानं मालूबद्दल सांगितलं होतं. मालूचं पहिलं पोट पडलं होतं, अंगात रक्त नव्हतं, एक-दोन वर्षं थांब म्हणून भामा विनवत होती. आणि सोनाबाईनंच लेकीच्या मागे धोशा लावला होता, की मला नातवंड बघायचंय. मालू आईच्या शब्दाबाहेर नव्हती. ही गोष्ट सोनाबाईनं कुणाला सांगितली नव्हती, रिबकाबाईलासुद्धा नाही.

ठरल्या दिवशी सकाळी महादेव कुत्रा घेऊन आला. अंगणात तिळी बांधलेली होती. सोनाबाई दारात उभी राहिली. एकीकडे मैत्रिणीला दिलेला शब्द, तिच्या परत येण्याची एकुलती एक आशा. दुसरीकडे ही मुकी लंगडी, जिला कुणी विचारलंच नव्हतं.

"महादेव, ने तुजा कुत्रा परत," ती शेवटी म्हणाली. "माज्या हौसंपायी येक गेली. आता दुसरी नाय."

महादेवला काही कळलं नाही. बाईचं डोकं फिरलंय असं म्हणत तो गेला. त्यानंतर तिळी माजावर आली की सोनाबाई तिला घरात कोंडून ठेवायची, दाराशी गावभरचे कुत्रे भुंकत बसायचे आणि ही काठी घेऊन त्यांच्यावर धावायची. लोक हसायचे. सोनाबाईची लेक वयात आली म्हणायचे. ती हसणाऱ्यांना शिव्या घालायची, पण मनातून खचली होती. आपण वाटा बुडवला, शब्द मोडला, आता रिबकाबाई कशाला येतेय, हे तिला खात होतं. बाजारात गेली तर घाण्याच्या गल्लीनं जायचं ती टाळायची.

वर्षं गेली. तिळीचं तोंड पांढरं झालं. मग एके दुपारी रिबकाबाईचा भाचा शालोम दारात आला. मुंबईला नोकरीला होता तो. आता तोही कायमचा निघाला होता. ओट्यावर बसून त्यानं सांगितलं की तिकडून पत्र आलंय, आत्याला लकवा झालाय, अंथरुणाला खिळलीय, माणसं ओळखत नाही. पण रोज एक गोष्ट मात्र विचारते.

"म्हणते, सोनाबाई शब्दाची पक्की आहे, माझी पाट तिनं राखून ठेवली असेल. बरी झाले की आणायला जाईन. काय सांगू तिला, मावशी?"

सोनाबाईनं उंबऱ्याशी झोपलेल्या तिळीकडे पाहिलं. सगळ्या जन्मात ती खोटं बोलली नव्हती.

"झाली ना पाट," ती म्हणाली. "हीच ती."

शालोम बघत राहिला. म्हणाला, ही तर अगदी तिळीसारखी दिसते.

"आयशीवर गेलीय."

"आणि तिळी?"

याचा विचार सोनाबाईनं केलाच नव्हता. लेक आहे म्हटल्यावर आई कुठंतरी असायला हवी. "बालतपनात गेली," ती म्हणाली. "तिळी गेली बाबा."

इतकी वर्षं जे मरण तिनं काठी घेऊन दाराबाहेर थोपवलं होतं, ते तिनं स्वतःच्या तोंडानं तिला दिलं. आणि तिळीनं आपलं नाव ऐकलं. तिनं मान वर केली, शेपटी हलवली आणि मागचा पाय ओढत सोनाबाईजवळ येऊन उभी राहिली.

शालोम त्या पायाकडे बराच वेळ बघत होता. पोरवयात ती पेंडीची गाडी हाकणारा तोच होता. त्यानं वाकून तिळीच्या डोक्यावरून हात फिरवला, आत्याला सांगतो तिची पाट चांगली आहे म्हणाला, आणि डोळे पुसत निघून गेला.

त्या दिवसापासून सोनाबाईनं कुत्रीला नावानं हाक मारली नाही. पाट मालकिणीची, तिचं नाव मालकिणीनं ठेवायचं. भाकरी ती पूर्वीसारखीच टाकायची, मायेनं, कुस्करून. पण तिळी भाकरीला तोंड लावायच्या आधी थोडा वेळ तशीच उभी राहायची, हाक येईल म्हणून.