उद्धवरावांचा अखंड ख्याल

आमच्या मोशीच्या सोसायटीत उद्धवराव राहतात. मूळचे परभणीकडचे. चाकणच्या एका कंपनीत पेंट शॉपला, म्हणजे रंगकामाच्या विभागात, नोकरी केली आणि शिफ्ट सांभाळून निगडीला एका गुरुजींकडे शास्त्रीय गाणं शिकले. सेकंड शिफ्टच्या आठवड्यात सकाळी शिकवणी, फर्स्टच्या आठवड्यात संध्याकाळी, आणि नाइट असली की गुरुजींसमोर डुलकी. माणूस साधा, व्यसन नाही, इच्छाही एकच. ख्याल संथ आलापीपासून द्रुताच्या शेवटच्या तिहाईपर्यंत लोकांसमोर एकदा अखंड गायचा. मध्ये कुणी थांबवायचं नाही.

ती इच्छा काही पुरी होत नव्हती. कंपनीत दसऱ्याला मशीनची पूजा झाली की त्यांना गायला बसवायचे. आलापी जरा रंगायला लागली की चिठ्ठी यायची, अभंग घ्या. एका लग्नात तर नवरीच्या मामाने येऊन पेटीवरच हात ठेवला होता. उद्धवराव अभंगही छान म्हणतात. खोटं कशाला सांगू, मला स्वतःला अभंगच जास्त आवडतो. पण पुरणपोळी लाटायला बसलेल्या बाईला कुणी 'तेवढं पिठलं टाका' म्हणावं, तसं ते व्हायचं.

यंदा सोसायटीच्या सत्यनारायणानंतर गाऊ द्याल का, असं त्यांनी कमिटीला विचारलं. चेअरमन यशवंतराव इथल्या जुन्या गावातले. सोसायटी उभी आहे ती जमीन त्यांचीच होती, म्हणून ते कायमचे चेअरमन. त्यांनी प्रेमाने 'नाही' म्हटलं. शास्त्रीय लागलं की माणसं उठून जातात म्हणाले.

मग बी विंगमधला सार्थक पुढे आला. हा चाकणला रोबोटचं प्रोग्रॅमिंग करतो आणि सुट्टीच्या दिवशी लॅपटॉपवर संगीत. त्याचं संगीत म्हणजे एक घुमणारा स्वर आणि मधूनच 'टुक'. मग बराच वेळ काही नाही. पुन्हा 'टुक'. याला मिनिमल म्हणतात, म्हणजे कमीत कमी. उद्धवरावांच्या पत्नी सावित्रीबाई म्हणाल्या, "आमचा मोरीतला नळ हेच वाजवतो. त्याला वायर लागत नाही."

पण सार्थकने दोघांच्या नावाने अर्ज केला, त्यात 'शास्त्रीय' या शब्दापुढे 'मिनिमल इलेक्ट्रॉनिक फ्यूजन' एवढं जोडलं आणि त्याच कमिटीने तो अर्ज एकमताने मंजूर केला. यशवंतरावांनी फक्त विचारलं, "ह्यात नाचायला हाय ना?"

"आतून नाचायचं असतं, काका," सार्थक म्हणाला.

ते कुणालाच कळलं नाही, म्हणून कुणी विरोध केला नाही.

सरावाला दोघांचं वाजलं. सार्थकचं म्हणणं, उद्धवरावांनी तीनच स्वर गावेत, बाकीचे ऐकणाऱ्याने मनात धरावेत. उद्धवरावांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तू कमीत कमी वाजव, मी पुरेपूर गातो. तुझा टुक तेवढा समेवर टाक." असं ते फ्यूजन ठरलं.

पूजेच्या दिवशी आरती झाली आणि दोघे स्टेजवर बसले. घुमणारा स्वर सुरू झाला. टुक. उद्धवरावांनी डोळे मिटून पूरिया धनाश्रीची आलापी धरली. लोक जरा वेळ वाट बघत बसले. पुन्हा टुक. तेव्हा यशवंतराव शेजारच्याला म्हणाले, "माइक तपासत्यात. चला, तवर प्रसाद घिऊ." सगळा मांडव उठून शिऱ्याच्या रांगेत.

सावित्रीबाई रांगेतल्या लोकांना गप्प करायला उठल्या आणि पुन्हा खाली बसल्या.

"नको," त्या मला म्हणाल्या. "सुरू झालंय हे कळलं तर थांबवतील."

आम्ही दोघी कुणीतरी आणून दिलेले द्रोण हातात धरून बसून राहिलो. पोरं स्टेजला वळसे घालत पळत होती. मागे पार्किंगवरून कुणाची तरी बाचाबाची चालली होती. ख्याल चढत गेला. ताना सुरू झाल्या तसे यशवंतराव हात पुसत स्टेजकडे निघाले. सावित्रीबाई आडव्या गेल्या.

"भाऊ, अजून एक वायर राहिलीये."

हातात सत्यनारायणाचा प्रसाद असताना बाई खोटं बोलली. तिच्या वतीने मी मनात माफी मागून टाकली.

"कमीत कमी म्हणत्यात, आन् वायरी किती," यशवंतराव पुटपुटले आणि आणखी एक द्रोण घ्यायला परत वळले.

द्रुत संपलं. तिहाई आली, टुक नेमका समेवर पडला, आणि उद्धवरावांनी डोळे उघडले.

यशवंतरावांनी माइक घेतला. "टेस्टिंग झालेलं हाय. आता कलाकारांनी कार्यक्रमाला सुरुवात करावी."

"माझं गाऊन झालं," उद्धवराव कपाळ पुसत म्हणाले.

यशवंतराव गोंधळले. सार्थक हिरमुसला होता, कारण त्याच्या कमीत कमीतलंही कुणी काही घेतलं नव्हतं. पण शाल आणि नारळ आधीच आणून ठेवलेले, तेव्हा सत्कार झालाच. मग रिवाजाप्रमाणे दोन शब्द बोलण्याची विनंती झाली.

उद्धवरावांनी सगळ्या मांडवावरून नजर फिरवली. त्यांच्या चेहऱ्यावर एवढं समाधान मी कधी पाहिलं नव्हतं.

"माइक चांगला आहे," ते म्हणाले, आणि खाली उतरले.