मेलेल्या झाडांचा कागद

साहेबांनी माझा कागद हातात घेतला नाही. मी तो जमिनीवर ठेवला होता, कारण माझ्या हातचं काहीही तिथंच ठेवायचं असे. त्यांनी बुटाच्या टोकानं तो स्वतःकडं वळवला, वाकून पाहिला.

"काय काढून आणलं हे? रांगोळी?"

दोघे कारकून हसले.

सौंसरजवळच्या कापसाच्या प्रयोगशेतावर मी मोजणीला होते. महारपुऱ्यातली, सातवी पास. झाडांची बोंडं मोजायची, आकडे वहीत लिहायचे आणि हात स्थिर म्हणून साहेबांचे आलेख शाईनं पक्के करायचे. टेबलावर नाही. पडवीत पोतं टाकून, मांडीवर फळी घेऊन. विलायती कंपासपेटीला मी हात लावायचा नाही. गोल रेघा काढायची लाकडी वळणपट्टी तेवढी मिळे. तीही वरून टाकलेली.

राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, त्या साली नव्या वाणाचा अहवाल भोपाळच्या नव्या साहेबांकडं जायचा होता. त्यांना पटलं की बियाणं गावोगाव वाटणार. पहिल्या यादीत रामाकोना. रामाकोन्याला माझा मामा. दोन एकर, तेवढाच कापूस.

आलेख कसा काढायचा यावर साहेबांनी आठवडा घालवला. उभे पट्टे काढून पाहिले. ते बुटके दिसले. मग एकच रेघ निवडली. दर झाडामागं बोंडं किती, तीन वर्षांची. भोपाळवाल्यांना एका नजरेत पटलं पाहिजे, म्हणाले. रेघ खरंच चढत होती. आकडे माझे होते. एकही खोटा नव्हता.

खोट दुसरीकडं होती. मोजणीच्या आदल्या दिवशी मेलेली झाडं उपटून बांधावर टाकायची आमच्याकडं रीत होती. शेत साफ दिसावं म्हणून. उपटणाऱ्या बायांत माझी माय. मी मोजायला जाई तेव्हा फक्त उभी झाडं उरलेली. शेजारचं मेलं की उरलेल्याला जागा मोकळी, ऊन जास्त, बोंडं जास्त. जितकी झाडं मरत होती, तितकी साहेबांची रेघ वर जात होती.

हे मला कोणत्या पुस्तकानं शिकवलं नाही. माय एवढंच म्हणाली, "यंदा पेंढ्याच बांधून राहिलो आम्ही. गेल्या साली इतक्या नव्हत्या."

मी बांधावर गेले. एक खोड विळ्यानं उभं चिरलं. आत काळी रेघ, मुळापासून वरपर्यंत. मर रोग. तो मातीतून, पाण्यासोबत पसरतो, आणि नवा वाण त्याला टिकत नव्हता.

गेलेल्या झाडांच्या जागा मी वहीत कोऱ्या सोडत आले होते. त्यावरून चौकडीच्या कागदावर शेत मांडलं. एक घर म्हणजे एक झाड. मेलं त्याचं घर काळं. पहिल्या साली नाल्याकडच्या कोपऱ्यात सात ठिपके. दुसऱ्या साली तळहाताएवढं काळं. तिसऱ्या साली पाणी उतरतं त्या वाटेनं ते अर्ध्या शेतावर आलेलं.

तोच कागद बुटाखाली होता.

"तुला मोजायला ठेवलं, अक्कल शिकवायला नाही," साहेब म्हणाले. "रेघ पक्की कर. हात धुऊन."

माझे बाबा चळवळीच्या सभांमधून पत्रकं आणत. त्यांवरच मी वाचायला शिकले. त्यातली मोठमोठी वाक्यं मला पाठ होती. त्या वेळी एकही आठवलं नाही. आठवल्या बांधावरच्या पेंढ्या. उपटून टाकलेलं कोणी मोजत नाही. आम्हालाही कोण मोजत होतं?

"आलेखात मेलेली झाडंही दाखवा," मी म्हणाले, "मग करते. नाही तर नाही."

कागद उचलला. वळणपट्टी टेबलावर ठेवली. टेबलावरच. या वेळी कोणी हसलं नाही. पायऱ्या उतरताना मागं टेबलावर पाणी शिंपडल्याचा आवाज आला.

रेघ दुसऱ्या कोणी पक्की केली. अहवाल गेला, बियाणं आलं. पोत्यासोबत छापील पत्रक, त्यावर तीच रेघ. मी माझा कागद मामापुढं धरला. "पेरू नको," मी म्हणाले.

मामा दोन्हीकडं पाहत राहिला. "पोरी, ते छापून देऊन राहिले, तू हातानं काढून राहिली. मी कोणाचं ऐकू?"

त्यानं पेरलं. सगळ्यांनी पेरलं. झाडं छान उठली. गाव खूश होतं. मीच रोज धुऱ्या-धुऱ्यानं, बांधाबांधावरून फिरत होते.

भादव्यात एका दुपारी मामाच्या तिसऱ्या ओळीत एक झाड मान टाकून उभं दिसलं. जमीन ओली होती, म्हणजे तहान नव्हे. मी खोड चिरलं. आत तीच काळी रेघ.

मामा उपटायला वाकला. मी त्याचा हात धरला.

"राहू दे मामा. आधी लिहिते."

नवा कागद काढला. चौकडी आखली. पहिलं घर काळं केलं. आता रामाकोना, मग मोहगाव, मग पांढुर्ण्याच्या वाटेवरची सगळी शेतं. एकेक मेलेलं झाड मांडणार. मग हे कागद घेऊन त्याच पायऱ्या चढणार. जमिनीवर ठेवणार नाही. साहेबांनी हात पुढं करेपर्यंत तशीच उभी राहीन.