आठ सेकंदांचा नियम आणि माझा सत्कार

"सर, तुम्ही कधी गोलकीपर होतात का?" रेमोने मला विचारलं.

दोंडाईच्याच्या विश्रामगृहात आम्ही जेवून बसलो होतो. रेमो व्यावसायिक फुटबॉलमधला गोलकीपर, मूळचा गोव्याचा. शेजारी विशाल, त्याच क्लबचा मिडफिल्डर, आपल्या पाचोऱ्याचा. विशालच्या ओळखीने दोघे आमच्या स्पर्धेच्या फायनलला पाहुणे म्हणून आले होते. आणि मी. जळगावात एकतीस वर्षं क्रीडाशिक्षक होतो, आता निवृत्त. पण खानदेशात कुठेही फुटबॉलची मॅच असली की शिट्टी माझ्याच तोंडात असते. दुसरं कोणी उन्हात पळायला तयार नसतं, हे त्यामागचं खरं कारण.

"गोलकीपर नव्हतो," मी म्हणालो. "पण नियम वाचलेत."

वाद नव्या नियमाचा होता. गोलकीपरने बॉल हातात धरला की पूर्वी त्याला सहा सेकंदांत सोडावा लागे. नाही सोडला तर समोरच्या संघाला फ्री किक. पण ती शिक्षा कोणी देत नसे, त्यामुळे कीपर बॉल पोटाशी धरून निवांत पडून राहायचे. आता आठ सेकंद दिलेत, पण त्यानंतर थेट कॉर्नर. म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यातून समोरच्या संघाला किक. रेफ्रीने हात वर करून शेवटचे पाच सेकंद बोटांवर मोजून दाखवायचे.

"बॉल पकडायचा, उठायचं, कोण मोकळा आहे ते बघायचं. आठ सेकंदांत कसं व्हायचं?" रेमो म्हणाला.

"तू उठतोस कुठे? तू झोपतोस. आम्ही पुढे उभे राहून म्हातारे होतो," विशाल म्हणाला.

दोघे हसले. मी हसलो नाही. मला नियमांवर बोलायला व्यावसायिक खेळाडू मिळाले होते, आणि असा योग आमच्याकडे रोज येत नाही. मी तासभर बोललो. ऑफसाइड, हँडबॉल, मला कोणी विचारलंही नव्हतं ते सगळं सांगितलं. टेबलावर मिठाची बाटली कीपर आणि लोणच्याची बरणी फॉरवर्ड करून दाखवली. खानसामा भिकाभाऊ चहाचा ट्रे घेऊन उभ्याउभ्या ऐकत होते.

"आन मग आठ मोजणार कोन?" त्यांनी विचारलं.

"रेफ्री," मी छाती काढून म्हणालो.

स्पर्धेचे आयोजक नाना, धान्याचे व्यापारी, इतका वेळ पेंगत होते. त्यांनी डोळे उघडले. "मंग आपलाकडे लागू शे का, सर?"

"आजपासून लागू. नियम म्हणजे नियम, नाना."

रेमोने हात टेकले. मी वाद जिंकला होता.

फायनल दोंडाईच्याचा संघ आणि शिरपूरच्या पलीकडून, सातपुड्याच्या पायथ्याहून आलेला संघ यांच्यात होती. त्या दुसऱ्या संघाचा कीपर दिलवर पावरा. जिंकणारा संघ नाशिकला निवड-सामने खेळणार होता. तिथे मोठ्या क्लबांचे लोक मुलं बघायला येतात. वयाची अट वीस. दिलवरचे कागद मीच तपासले होते. त्याचं हे शेवटचं वर्ष होतं.

मॅचच्या आधी रेफ्रीने दोन्ही संघांना बोलावून नियम सांगायचे असतात. त्यासाठी मी वीस मिनिटं राखून ठेवली होती. ती सत्कारात गेली. आमच्याकडे सत्कार सुरू झाला की थांबवणं कोणाच्याही हातात नसतं. रेमोचा झाला, विशालचा झाला, मंडप देणाऱ्याचा झाला, मंडप देणाऱ्याच्या भावाचा झाला. शेवटी नानांनी माइकवर माझं नाव घेतलं, "फुटबॉलच्या नियमांचे गाढे अभ्यासक" म्हणून. मी शाल घेतली, नारळ घेतला आणि दोन शब्द बोललो. दोन शब्दांना आठ मिनिटं लागली. तेवढ्यात सगळं सांगून झालं असतं.

खाली उतरलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. नाणं उडवलं आणि शिट्टी मारली.

इथे आमच्या स्पर्धेची एक पद्धत सांगायला हवी. मैदानावर दिवे नाहीत. बरोबरी झाली तर पेनल्टी किक घ्यायला उजेड पुरत नाही. म्हणून ज्या संघाने जास्त कॉर्नर मिळवले तो विजयी. तेही समान असले तर नाणेफेक. ही अक्कल माझीच, फार वर्षांपूर्वीची. एक कॉर्नर म्हणजे आमच्याकडे अर्धा गोलच, आणि दुपारी तासभर बडबडताना हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

गोल झालाच नाही. दिलवरने दोन बॉल असे अडवले की रेमो खुर्चीतून उठून उभा राहिला. कॉर्नर तीन-तीन. शेवटच्या मिनिटाला दोंडाईच्याचा एक उंच बॉल आला, दिलवरने उडी मारून तो पकडला. त्याची पोरं थकून मागेच उभी होती. बॉल छातीशी धरून तो त्यांना पुढे जायची खूण करत होता.

मी हात वर केला. पाच बोटं. त्याने माझ्याकडे बघितलं, मान डोलावली आणि बॉल तसाच धरून ठेवला. चार, तीन, दोन, एक. मी शिट्टी वाजवून कोपऱ्याकडे हात केला.

कॉर्नरवर गोल झाला नाही. पण कॉर्नर चार-तीन झाले आणि वेळ संपली. फटाके वाजले.

रेमो मैदानात आला. "सर, त्याला नियम सांगितला होता?"

मी तडक दिलवरकडे गेलो. तो हातमोजे काढत होता.

"सर, तुम्ही पाच बोटं दाखवली," तो म्हणाला. "मला वाटलं पाच मिनिटं राहिली. म्हणून पोरांना पुढे जाऊ देत होतो. काय चुकलं माझं?"

मी त्याला नियम समजावून सांगितला. मॅच संपल्यावर. हातमोजे एकमेकांत गुंडाळत त्याने ऐकून घेतलं. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं.

"हे कोणाला माहीत होतं, सर?"

मी मनात मोजलं. मी, रेमो, विशाल, नाना आणि चहा देणारे भिकाभाऊ. मैदानावरच्या बावीस जणांतलं कोणी नाही. मला इतकी लाज वाटली की मॅच संपताच कोणीतरी पुन्हा अंगावर टाकलेली शाल मी काढून घडी करून काखेत धरली.

नानांना म्हणालो, चूक माझी आहे, उद्या सकाळी पुन्हा खेळवू.

"सर, कप दिवाई गया, बठ्ठा गाव नाची ऱ्हायना," देऊन झालेल्या कपाकडे आणि नाचणाऱ्या गावाकडे बोट दाखवत नाना म्हणाले. "आनि दुपारले तुम्हीच सांगं ना, नियम म्हणजे नियम?"

मी अहवालात स्वतःची चूक लिहून तो नाशिकच्या निवड समितीला पाठवला. उत्तर आलं की रेफ्रीचा निर्णय अंतिम असतो. अगदी नियमानुसार. विशालने क्लबमध्ये शब्द टाकून पाहिला. तिकडूनही निवड-सामने खेळून या असंच सांगितलं.

पुढच्या वर्षी दिलवरचा संघ आला. गोलमध्ये दुसराच मुलगा होता. दिलवर सुरतला कामाला गेला होता.

आता मी मॅचच्या आधी दोन्ही संघांत जाऊन जमिनीवर बसतो आणि कीपर मला नियम परत म्हणून दाखवत नाही तोवर उठत नाही. सत्कारवाले ताटकळतात. नियम लावण्याआधी तो सांगावा लागतो, हे शिकायला मला सगळी नोकरी आणि वर एक निवृत्ती लागली. त्यात वर्ष मात्र दिलवरचं गेलं.