चौघींचा मुराळी

असल्या गोष्टी मी कधी मानल्या नाहीत, हे माझ्या दोन्ही सुना शपथेवर सांगतील. घरात कुणाला नजर लागली म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळायला घेतल्या, की मी म्हणते, त्या मोहऱ्या फोडणीत घाला, निदान वरणाला चव येईल. वय आता नव्वदीला टेकलंय. इथं लोक भुताखेताचे अनुभव लिहितात ते सगळं नात मोबाइलवर वाचून दाखवते आणि निम्म्या गोष्टींना मी हसते, खोटं कशाला बोलू? पण परवा तिनं विचारलं, "आजी, तुला एकदाही नाही का काही आला अनुभव?" मी चष्मा पुसायला घेतला. मी हसले नाही म्हटल्यावर तिनं मोबाइलच काढला... तर आता मी सांगतेय आणि ती टाइप करतेय.

गोष्ट निजामाच्या राज्यातली. रझाकारांची गडबड सुरू व्हायच्या चार-पाच वर्षं आधीची. माझं सासर जिंतूर तालुक्यात, चारठाण्याच्या अलीकडे. माहेर सेलूच्या वाटेवर, सासरहून पाच कोस. सकाळी भाकर खाऊन निघालं की तिसऱ्या प्रहरी पोचायचं. मी पंधरा वर्षांची होते, लग्नाला दोन वर्षं झाली होती.

त्या काळात सणाला सासुरवाशिणीला न्यायला माहेराहून माणूस यायचा, त्याला मुराळी म्हणायचे. बाप, भाऊ, मामा, कुणीही. आणि मुराळी आला की सासरचे नाही म्हणत नसत, म्हटलं तर गावात बोभाटा व्हायचा. नागपंचमी जवळ आली की आम्ही पोरी पाणी भरतानासुद्धा वाटेकडे डोळे लावून असायचो. मुराळी शब्द नुसता कानावर आला तरी पोटात गुदगुल्या व्हायच्या, आता हे कुणाला सांगून पटायचं नाही.

ह्या गोष्टीच्या आदल्या वर्षभरात आमच्या मुलखात तीन पोरी नाहीशा झाल्या होत्या. एक आदल्या पंचमीला, एक दिवाळीला, एक आखितीला, म्हणजे अक्षय तृतीयेला. तिघी तीन गावच्या, तिघी नव्या सुना, तिघी अंगावरच्या दागिन्यांसकट गेलेल्या. सासरचे समजले पोरगी माहेरी आहे. माहेरच्यांना त्या सणाला न्यायला जाता आलं नव्हतं, ते समजले पोरगी सासरीच आहे. पंधरा-वीस दिवसांनी दोन्हीकडचे समोरासमोर आले, तेव्हा कळलं की पोरगी दोन्हीकडे नाही. मग लोकांनी काय म्हणावं? म्हणाले, पळून गेली असेल कुणाचा तरी हात धरून. तिघींच्या तीन आया, तोंड लपवून बसल्या होत्या घरात. तिन्ही गावं लांब लांब, त्यामुळे तिन्ही गोष्टींची गाठ कुणी घातली नाही.

पंचमीच्या दोन दिवस आधी सकाळी सकाळी आमच्या दारात एक माणूस आला. पन्नाशीचा, स्वच्छ धोतर, डोक्याला फेटा, बोलायला गोड. हातात लाह्यांचं गाठोडं. सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, रामराम करून म्हणाला, "तात्यांनीच धाडलंय बघा. त्यांच्या ढवळ्याच्या पायात काटा मोडलाय, गाडी जुंपता येईना. म्हनून मी आलो पोरीला न्यायला. मी तिच्या मायचा मावसभाऊ."

माझ्या बापाला तात्याच म्हणायचे, आणि आमच्या बैलाचं नाव ढवळ्याच होतं. बाजारात बसून एखाद्याचं घर माहीत करून घ्यायला काय लागतं? तंबाखू दिली की लोक सगळं सांगतात. पण हे शहाणपण आत्ताचं.

आत्याबाई सावध बाई. मला आत बोलावून हळूच विचारलं, "वळखतीस का गं ह्याला?"

मी त्या माणसाला जन्मात पाहिलं नव्हतं.

पण नाही म्हटलं तर? आत्याबाई माझ्या बापाकडे सांगावा धाडणार, तो जाऊन परत येणार, पंचमी निघून जाणार. मागच्या वर्षी पंचमीलाच मला ताप होता म्हणून जाता आलं नव्हतं. चिंचेला झोके बांधले असतील, मैत्रिणी आल्या असतील... मी पदर सावरून म्हटलं, "व्हय की आत्या. मामाच हायत. मायच्या मावशीचं लेकरू."

बास. एवढं बोलले आणि स्वतःच्या हातानं स्वतःला त्याच्या मागं लावून दिलं. आत्याबाईंनी वर मला सगळे दागिने घालायला लावले. वाळे, गोठ, पुतळ्यांची माळ. मामा म्हणालेच होते, "असू द्या अंगावर, म्हायेरच्यांनी बघावं की कशी ठिवलीय लेक." आत्याबाई फुलून गेल्या.

निघालो. मामा पुढं, मी मागं. मी इतकी खूश होते की चालता चालता मनात गाणी म्हणत होते.

गावाच्या शिवेवर एक म्हातारी मुगात खुरपत होती. आमच्याकडं बघून उठली, शेंगा तोडल्या आणि मला म्हणाली, "वच्चा कर पोरी." मी लुगड्याचा ओचा पुढं केला. तिनं एक ओंजळ टाकली. मग दुसरी, तिसरी, चौथी. मी म्हटलं, "आज्जे, बास की, लय झाल्या." तर म्हणाली, "चौघींत काय लय व्हत्यात? वाटून खा."

मला वाटलं, म्हातारीला दिसत नसेल नीट. मी आपली ओचा खोवून पुढं चालू लागले. मामांनी मात्र मागं वळून पाहिलं. माझ्याकडं नाही, माझ्या मागं.

पुढं ओढ्यात एक मेंढपाळ मेंढरं धुवत होता. ओढ्याचं पात्र मेंढरांनी भरलेलं, पाय ठेवायला जागा नाही. आम्ही उतरलो तशी मेंढरं बाजूला सरली. दोन माणसांना लागते तेवढी वाट सोडायची, तर एक गाडी जाईल एवढी रुंद वाट सोडली आणि सगळी कडेला अंग चोरून उभी राहिली. मेंढपाळ हसून मामांना म्हणाला, "चार चार भाच्या एकदाच न्यायलाव का मामा? पंचिम जोरात हाय म्हना की."

मामांनी पावलं भराभर टाकली. त्यांच्या कपाळावर घाम आला होता, आणि ऊन तर नव्हतं, आभाळ भरून आलेलं होतं. ओढा ओलांडल्यावर मला म्हणाले, "तू पुढं हो. मी मागून येतो."

मी पुढं झाले. दहा पावलं गेले नसेन तोच मामा जवळजवळ पळतच माझ्या पुढं आले. म्हणाले, "नगं, मीच पुढं चालतो." थोडं गेल्यावर परत मला पुढं घातलं, परत स्वतः पुढं आले. असं तीन-चार वेळा. मला राग यायला लागला होता. मनात म्हटलं, मायच्या मावशीच्या घरी सगळे असलेच अर्धवट असतील तर बरंच झालं आजवर ओळख नव्हती.

दुपार झाली तशी त्यांनी वाट सोडली आणि मला एका जुन्या बारवेवर नेलं. बारव म्हणजे पायऱ्यांची मोठी विहीर. आजूबाजूला लिंबाची झाडं, माणूस कुठंच नाही. म्हणाले, "हितं बस. भाकर खाऊ अन् मंग निघू." मी काठावर बसले, शिदोरी सोडली. ते माझ्या मागं उभे राहिले. खांद्यावरचं उपरणं त्यांनी काढून हातात घेतलं होतं, ते मला पाण्यात दिसत होतं. मला वाटलं, घाम पुसायला घेतलंय.

मी भाकरीचा तुकडा मोडला. तेवढ्यात मागून मामांचा लहान मुलासारखा आवाज आला. "ह्यांना जायला सांग."

"कुनाला?"

"ह्या तिघींना. तुझ्या बाजूला बसल्यात त्या. जायला सांग त्यांना, मी तुला काय करीत न्हाई."

मी दोन्ही बाजूंना पाहिलं. लिंबाचा पाला आणि दगड. मला हसूच आलं. म्हटलं, "मामा, तुमाला उपास हाय का आज? भाकर खा, बरं वाटंल."

माझं हसणं ऐकून त्यांनी उपरणं टाकलं आणि पळत सुटले. पन्नाशीचा माणूस, धोतराचा सोगा सुटलेला, काटे-दगड न बघता रस्त्याकडं पळायलाय. मला माहेरची वाट नीट ठाऊक नव्हती. मग मी काय करणार? शिदोरी बांधली आणि मीही त्यांच्या मागं पळाले, "मामा, ओ मामा, थांबा की" म्हणत. हे टाइप करताना नात पोट धरून हसतेय. जगात कुणी आपल्याला मारायला आलेल्या माणसाचा असा पाठलाग केला नसेल.

अर्ध्या कोसावर पोलिसांची चौकी होती. मामा थेट आत घुसले आणि जमादाराच्या पायावर पडले. म्हणाले, "साब, मला कोंडा. पर ह्यांना भायेरच ठिवा." जमादार दाढीवाला, धिप्पाड. त्यानं दारात धापा टाकत उभ्या असलेल्या माझ्याकडं पाहिलं. "बेटी, ये कौन लगता तेरा?"

मी म्हटलं, "मामा." आणि मग काय वाटलं कोण जाणे, पहिल्यांदाच खरं बोलले. "मला ठावं न्हाई."

जमादाराला माझ्याशिवाय कुणी दिसलं नाही, हे मुद्दाम सांगते. त्यानं एकच पेला पाणी दिलं. पण मामांनी जे बोलायचं ते सगळं बोलून टाकलं. तीन गावांची नावं, तीन पोरींची नावं, त्यांना कसं फसवून आणलं ते, आणि ती बारव. मी जिच्या काठावर बसून भाकर मोडली होती, तीच. पुढं तिथं काय सापडलं ते मी बघितलं नाही, आणि कुणी सविस्तर सांगायला लागलं तर आजही मी तिथून उठते. एवढंच खरं की त्या दिवसानंतर त्या तिघींना कुणी पळून गेलेल्या म्हटलं नाही.

चौकीवरचा जवान मला गाडीतून माहेरी सोडून गेला. मायनं मला मिठी मारली, रडली, मग एक धपाटा घातला, मग परत रडली. नंतर लुगडं बदलायला लावलं, तसा ओच्यातून मुगाच्या शेंगांचा ढीग जमिनीवर पडला. शेंगा नव्हत्या, नुसती सालं होती. दाणा एकही नाही. चार ओंजळी होत्या, मी वाटेत फार तर पाच-सहा शेंगा खाल्ल्या असतील. म्हटलं, पळताना सांडले असतील दाणे. पण दाणे सांडतात आणि सालं राहतात असं कसं होईल... मी तो विचार तिथंच सोडून दिला. मायनं सालं शेळीपुढं टाकली.

पंचमीला मी झोका खेळले. खरं सांगते, मनसोक्त खेळले. लोकांना वाटतं मी घाबरून कोपऱ्यात बसले असेन. पण मी जिवंत होते, माहेरी होते, आणि मायनं पुरणाची दिंडं केली होती. त्या दिवसाइतकी सुखी मी नंतर पोरांच्या लग्नात, बाळंतपणात, कधीच नव्हते.

पंचमीनंतर तीन-चार दिवसांनी एक बाई आमच्या घरी आली. आखितीला गेलेल्या पोरीची आई. चालत आली होती, सात कोस. मेंढपाळानं आणि मुगातल्या म्हातारीनं पाहिलेलं सगळं तोवर मुलखात पसरलं होतं. ती माझ्यासमोर बसली, माझा हात हातात घेतला.

"तुज्यासंगं चालत व्हती म्हनं माजी लेक. कशी व्हती गं? दमलीबिमली व्हती का?"

मी काय सांगणार? मी तर कुणालाच पाहिलं नव्हतं. वाटेत भेटलेल्यांना दिसल्या, मामांना दिसल्या, आणि ज्या माझ्यासाठी आल्या त्या मला मात्र दिसल्या नाहीत. पण त्या बाईचे डोळे बघून नाही म्हणवेना. एक खोटं बोलून मी त्या वाटेला लागले होते, म्हटलं दुसरं बोलू.

"न्हाई वो मावशी. मजेत व्हती. शेंगा खात व्हती मुगाच्या." आणि डोक्यात ती सालंच होती म्हणून पुढं म्हटलं, "सालं टाकली न्हाईत तिनं. वच्च्यात ठिवली."

बाईनं माझा हात सोडला. मग म्हणाली, "तिची शेळी हाय घरी. एवढीशी पाठ असल्यापासनं तिनंच वाढिवलेली. कुटंबी शेंगा खाल्ल्या तरी सालं वच्च्यात घालून आनायची. म्या रागं भरायची तिला, लुगडं खराब व्हतं म्हनून." मग तिनं डोळे पुसून विचारलं, "ती सालं काय केली?"

माय दारातून म्हणाली, "शेळीलाच घातली, बाई."

ती हसली. खरंच हसली. म्हणाली, "मंग बरं झालं."

मायनं तिला जेवू घातलं आणि गाडी जुंपून तात्या तिला घरी सोडून आले. ढवळ्याच्या पायात कधीच काटा मोडला नव्हता.

नात विचारतेय, याचं लॉजिक काय? मला ठाऊक नाही. सत्तर-पंचाहत्तर वर्षं विचार केला, नाही सापडलं. माझा अजूनही असल्या गोष्टींवर विश्वास नाही, फक्त ह्या एका गोष्टीपुरती सुनांची माफी मागते. आणि श्रावणात घरात मुगाच्या शेंगा आल्या की सालं मी कुणाला टाकू देत नाही. पलीकडच्या गल्लीत एकांची शेळी आहे, तिला नेऊन घालते.