मोसंबीच्या ज्यूसऐवजी काय?

मंडळी, आज दुपारी डाएटिशियनबाईंनी माझी चांगलीच खरडपट्टी काढली.

चार महिने झाले, मी पोहे-जिलबी सोडलीय. घरात सेवही आणत नाही. इंदूरमध्ये राहून हे करून दाखवा, मग बोला! तरी वजन तीन किलो वाढलं.

"सकाळी फिरून झाल्यावर काय घेता?" बाईंनी विचारलं.

मी ऐटीत सांगितलं, "बगीच्याबाहेर मोसंबीचा ज्यूस. मोठा ग्लास, वरून मध."

"अहो काकू, एका ग्लासात चार-पाच मोसंब्यांची साखर, त्यावर आणखी मध! बंद करा. घरी एक मोसंबी सोलून खा."

त्यांचं बरोबरच आहे. पण जरा उशीर झाला की ज्यूसवाले भिया विचारतात, "आंटीजी, आज लेट कैसे हो गए?" मुलगा बेंगळुरूला, घरी मी एकटी. मला उशीर झाला हे लक्षात येणारं अख्ख्या सुदामा नगरात दुसरं कोणी नाही.

येताना मोसंबी आणली. सोलून ओट्यापाशी उभ्याउभ्याच खाल्ली. पाच मिनिटं लागली.

ज्यूसऐवजी काय खायचं, ते बाईंनी लिहून दिलंय. "लेट कैसे हो गए"च्या ऐवजी काय, ते तुमच्यापैकी कोणाला माहीत आहे का?