सुधाअक्कांचं एकटीचं व्हायोलिन

महिना झाला. महादेवपुऱ्याच्या ऑफिसात मीटिंग सुरू असताना सुधाअक्कांच्या घरून मालतीवहिनींचा फोन आला. "सुधा गेली गं. चहा मागितला, मी करून आणेपर्यंत..."

पुण्याहून नोकरीसाठी मी बंगळुरूच्या के. आर. पुरमला आले आणि बेचाळिसाव्या वर्षी, निव्वळ हौसेनं, शेजारच्या गल्लीतल्या सुधाअक्कांकडे व्हायोलिन शिकायला लागले. त्यांचं घर तीन पिढ्या बंगळुरूचं. मराठीत कन्नड सहज मिसळायचं, 'ठीक'ला 'सरी', 'जरा'ला 'स्वल्प'. "सरी, पण गज स्वल्प हळू. तार आहे ती, लाकूड नव्हे!" शिकवणी संपली की त्या मोठ्या वादकांच्या जुन्या रेकॉर्डी लावायच्या. शब्द नाही, गाणारा नाही, नुसतं व्हायोलिन... एकदा ऐकता ऐकता मला रडू आलं आणि मी ओशाळले. अक्का म्हणाल्या, "लाजतेस कशाला? गाण्यात शब्द सांगतात कशासाठी रडायचं ते. इथं ज्याचं त्यानं आठवायचं."

स्वतः मात्र त्या कधी एकट्या वाजवत नसत. थोरले भाऊ वासुअण्णा गायचे, अक्का साथ करायच्या. अण्णांनी ओळ गायली की तीच ओळ त्यांच्या तारेवर उमटायची. चाळीस वर्षं हेच. अण्णा वारले आणि अक्कांचं व्हायोलिन पेटीत गेलं. मला शिकवायच्या, पण तोंडानं गाऊन. वर्षानंतर देवळातून रामनवमीचं बोलावणं आलं, एकटीनं वाजवायचं. अक्कांनी साफ नाही म्हटलं. अण्णांच्या पत्नी मालतीवहिनींनी परस्पर होकार कळवून टाकला. दोघी तीन दिवस एकमेकींशी बोलत नव्हत्या. अखेर अक्का तयार झाल्या.

रामनवमीच्या संध्याकाळी देवळात वहिनी आणि मी पुढेच बसलो होतो. अक्कांनी गज तारेवर टेकवला आणि थांबल्या... सवयीनं अण्णांच्या ओळीची वाट बघत. मृदंगवाल्यांनी हलकेच ठेका धरला. मग अक्कांनी आधी अण्णांची ओळ वाजवली. वरच्या स्वरावर अण्णा जरा रेंगाळायचे, ते रेंगाळणंही हुबेहूब आलं. त्यामागून तीच ओळ, त्यांची स्वतःची. वहिनींनी माझा हात घट्ट धरला. "हे असेच थांबायचे गं," एवढंच त्या म्हणाल्या.

घरी येताना ऑटोत अक्का पुटपुटल्या, "सुरुवातीला चुकलंच की."

"चुकू दे," वहिनी म्हणाल्या. "पुढच्या वर्षीही वाजव."

अक्कांनी त्यानंतर चार वर्षं वाजवलं. यंदाही वाजवणार होत्या.

गेल्या शनिवारी, शिकवणीच्या वेळेला, माझी पावलं आपोआप त्यांच्या घराकडे वळली. वहिनींनी खोलीत चटई घालून ठेवली होती. चटईवर अक्कांचं व्हायोलिन.

"वाजव काहीतरी."

"वहिनी, मला कुठे धड येतंय अजून?"

"येईल तेवढं वाजव. बेसूर झालं तरी मला काय कळतंय!"

मी बसले, तारा जुळवू लागले. स्वयंपाकघरात कुकर फुसफुसत होता. वहिनी उठल्या, गॅस बंद करून आल्या आणि भिंतीला पाठ टेकून बसल्या.

"हां," त्या म्हणाल्या. "आता शिट्टी मध्ये येणार नाही."